काचेवरचं कुंकू

रविवारी सकाळी बेल वाजली तेव्हा मी सहामाहीचे पेपर तपासत होते. एका मुलानं पहिल्या महायुद्धाची कारणं उचलून दुसऱ्या महायुद्धाला चिकटवली होती, त्यामुळे मी आधीच करवादलेली होते. दार उघडलं तर समोर ऐंशी ओलांडलेली एक बाई. नऊवारी लुगडं, हातात काठी, मागे मोबाइल धरलेली कॉलेजच्या वयाची नात. रिक्षावाल्यानं नवीन पनवेलमधल्या तीन चुकीच्या सोसायट्या दाखवून शेवटी त्यांना आमच्याकडे आणून सोडलं होतं.

"तूच काय गं ती फोटोवाली?" म्हातारीनं विचारलं.

मी फोटोवाली नाही, ज्युनिअर कॉलेजात इतिहास शिकवते, असं सांगायला तोंड उघडलं आणि नातीनं मोबाइल पुढे केला. पडद्यावर विद्यापीठाच्या डिजिटल अर्काइव्हचं पान होतं. जहाजाच्या डेकवर उभे असलेले नऊ खलाशी, सगळ्यांच्या डोक्यावर सारख्याच टोप्या, तोंडं नखाएवढी. खाली संकलक म्हणून माझं नाव. एकवीस वर्षांपूर्वीची मी त्या नावात एकदम उभी राहिले आणि मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं. कुणीतरी ते काम बघतंय, घर शोधत येतंय! मी दोघींना आत घेतलं, पंखा लावला, चहा टाकला.

काम म्हणजे असं होतं. एम.ए.ला असताना आमच्या मॅडमनी आम्हा विद्यार्थ्यांना उरण-पनवेलच्या खाडीकाठी पाठवलं होतं. दुसऱ्या महायुद्धात इथल्या कोळीवाड्यांमधून बरीच माणसं मालवाहू जहाजांवर खलाशी म्हणून गेली. त्यांची पत्रं, फोटो, ओळखपत्रं जे काही घरात असेल ते आणायचं, विद्यापीठात टेबलावर उलट्या लावलेल्या कॅमेऱ्यानं त्याची प्रत घ्यायची आणि वस्तू परत पोचवायची. मी एस.टी.नं आणि पायी बारा गावं हिंडले. त्यात हा नऊ जणांचा फोटो माझा हिरा होता. उरणकडच्या एका वाडीत एका आजीकडे मिळाला. त्या नवांमधला एक तिचा नवरा. तो त्या सफरीवरून परत आलाच नाही, आणि मेल्याची पक्की खबरही कधी आली नाही.

समोर बसलेली मावशी त्या आजीची लेक होती. बाप बोटीवर गेला तेव्हा ती पोटात होती.

"नातवानं हितं कोन गावाला फ्लॅट घेतलाय," ती सांगू लागली. "म्होरच्या म्हयन्यात वास्तुशांत हाय. भिंतीवर आयेचा फोटो लावायचाय, नि बाजूला बापसाचा. बापसाचा येकट्याचा फोटोच नाय. ह्याच्यातनंच मोठा करायचा. आमच्या घरचा वाळवीनं खाल्ला, नुसती काच उरलीय. मंग ही बोलली, आजी, विद्यापीठात हाय."

"करू की," मी म्हटलं. "ह्यातले तुमचे वडील कोणते?"

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी तिची चेष्टा करते आहे.

"तेच तर तुला इचारायला आलेय. कुंकू कुठं गेलं?"

मला कळेना. मग तिनं सांगितलं. फोटो घरात आढ्याशी लावलेला असायचा. त्या नऊ जणांपैकी कुणी वारल्याचं कळलं की तिची आई स्टुलावर चढायची आणि काचेवर, बरोबर त्या माणसाच्या कपाळावर, कुंकवाचं बोट लावायची. दोघे लढाईतच गेले. बाकीचे परत येऊन म्हातारे होऊन, कुणी आजारानं, कुणी दारूनं. असं करत करत आठ बोटं झाली. नवव्याला तिनं कधी लावलं नाही. स्वतःचं कुंकूही कधी पुसलं नाही.

"ज्याला कुंकू नाय त्यो बापूस. ल्हानपणापासून मना तेवढंच म्हाईत. तोंड कोन बघतंय एवढ्या वर? लगीन झाल्यावर तर फोटो कवातरीच दिसायचा. हितं बघितलं तर कुंकू कोनालाच नाय. सगलेच बापूस झाले!"

नात हसली. मावशीही थोडी हसली. मी हसले नाही, कारण माझ्या हाताला एकदम ओल्या कापसाचा स्पर्श आठवला होता.

मी पुसलं होतं ते कुंकू. मीच, या हातानं. ते दृश्य मला लख्ख आठवलं. विद्यापीठातलं ते लांब टेबल, फोटो काचेला चिकटलेला असल्यामुळे फ्रेम न उघडता तशीच ठेवलेली, आणि मी वाटीत पाणी घेऊन काच चकचकीत करते आहे. मेलेल्या माणसाच्या फोटोला कुंकू लावतात हे मला काय माहीत नव्हतं? मराठी घरात वाढलेल्या पोरीला ते शिकवावं लागत नाही. उलट तेच नडलं. आमच्या घरी दसऱ्याच्या आधी पणजोबांपासून सगळ्यांच्या तसबिरी खाली काढून पुसणं हे माझंच काम असायचं. जुनं गंध, जुनं कुंकू, उदबत्तीचा चिकटा सगळं साफ. तोच हात इथेही चालला. फरक एवढाच, की घरी पुसून झाल्यावर मी पुन्हा लावायचे.

आणि त्या आजीला मी तब्बल चाळीस प्रश्न विचारले होते! जहाज कुठून सुटलं, पगार कसा पोचायचा, रेशनला काय मिळायचं. छापील प्रश्नावली होती ना. काचेवर कुंकू कुणाला आहे आणि कुणाला नाही, हा प्रश्न तिच्यात नव्हता, म्हणून मी विचारला नाही. मोजलंही नाही.

हे सगळं मी मावशीला तेव्हाच सांगायला हवं होतं. मी काय केलं, तर बशीत बिस्किटं ओतली आणि शिक्षिकेच्या आवाजात म्हणाले, "साइटवर साफ केलेली प्रत असते, मावशी. मूळ प्रत वेगळी ठेवतात. मी मागवते."

"मूळ म्हंजे कुंकवाची?"

"हो."

"असंल ना नक्की?"

"असेल," मी म्हणाले. मला स्वतःला ते माहीत नव्हतं.

मॅडमचा नियम होता की वस्तू आधी जशी आहे तशी टिपायची आणि मगच तिला हात लावायचा. त्या रोज ते बजावायच्या आणि आम्ही रोज मान डोलवायचो. पण शेवटच्या आठवड्यांत कामाची घाई होती, कॅमेरा एक आणि आम्ही पाच जण, आणि मी नियम पाळणाऱ्यांतली कधीच नव्हते. या फोटोच्या वेळी मी आधी टिपलं होतं की आधी पुसलं होतं? पुसल्याचं आठवत होतं, टिपल्याचं आठवत नव्हतं. मॅडमना विचारावं तर त्या वारून सहा वर्षं झाली.

त्याच दिवशी मी अर्काइव्हला मेल केला. दोन दिवसांनी उत्तर आलं, की मूळ फायली ऑनलाइन नसतात, लेखी अर्ज करावा, आठवडाभरात कळवू. आठवडा! मी अर्ज केला आणि मग जे काही सुरू झालं त्याला घरातले 'आईला काहीतरी चावलंय' म्हणत होते. मी माळ्यावरच्या सगळ्या पेट्या उतरवल्या. एम.ए.च्या वह्या, झेरॉक्सचे गठ्ठे, ओरखडे पडलेल्या सीडी. सीडी लावायला घरात काही नव्हतं, म्हणून मी त्या पिशवीत घालून जुन्या पनवेलमध्ये दुकानोदुकानी फिरले. एका दुकानदारानं जुना कॉम्प्युटर झटकून लावून दिला. पाच सीडींपैकी तीन उघडल्याच नाहीत, एकीत माझ्या मावसबहिणीच्या लग्नाचे फोटो निघाले आणि एकीत प्रश्नावली. चाळीस प्रश्न, व्यवस्थित टाइप केलेले. मला ती सीडी तिथेच मोडावीशी वाटली.

वर्गात मी इतिहासाच्या साधनांचं महत्त्व शिकवत होते. 'साधनांना धक्का न लावता त्यांचा अभ्यास करणं' हे वाक्य फळ्यावर लिहिलं आणि खडू मोडला. पोरांना वाटलं बाई चिडल्या. चिडलेच होते. मावशीचा एक दिवसाआड फोन यायचा. "आलं का गं बाय?" एवढंच विचारायची, तगादा नाही, राग नाही. ती ओरडली असती तर मला बरं वाटलं असतं. एकदा तिनं सांगितलं की परत आलेला फोटो तिनं एकवीस वर्षं उघडलाच नव्हता. आईनं ब्राउन पेपरात स्वतःच्या हातानं बांधून ठेवलाय असं समजून तो पेटीत तसाच ठेवला होता, आईची गाठ सोडवेना म्हणून. ती गाठ माझी होती. फोटो परत द्यायला मी गेले तेव्हा आजी वारून दोन दिवस झाले होते. ओट्यावर माणसं बसलेली पाहून मी घाबरले, कुणा तरी चुलत नातलगाच्या हातात पुडकं दिलं आणि मिळेल त्या एस.टी.नं परत आले. हे ती फोनवर बोलत असताना मी नुसतं हं हं करत राहिले.

आठव्या दिवशी अर्काइव्हमधून फोन आला. त्या नोंदीखाली तीन फायली आहेत, मोठ्या आहेत, पाठवता येणार नाहीत, इथे येऊन बघा. तीन! मी रजा टाकली आणि सकाळच्या पहिल्या एस.टी.नं निघाले. खिडकीशी बसून मी बोटांवर हिशेब मांडत होते. पुसलेली एक, मग उरलेल्या दोन कसल्या?

तिथल्या गृहस्थांनी मला एका मोठ्या पडद्यासमोर बसवलं आणि फायली उघडून दिल्या.

पहिल्या फायलीत आजी होती. वस्तू देणाऱ्याचा वस्तूसकट एक फोटो काढायचा, हाही मॅडमचा नियम. आजी ओट्यावर बसली होती, फ्रेम मांडीवर उभी धरून, आणि पदर पार भुवयांपर्यंत ओढलेला. ते पाहिलं आणि मला माझाच आवाज ऐकू आला. "आजी, पदर जरा मागे घ्या ना, चेहरा दिसत नाही." तिनं घेतला नव्हता. मी दोनदा सांगितलं, तरी नाही. म्हाताऱ्या बायका लाजतात, असं मनाशी म्हणून मी बटण दाबलं होतं.

दुसरी फाइल उघडली. कुंकू होतं. धूळ, कोळ्याचं जाळं, काचेचा कोपऱ्यातला टवका, सगळं जसंच्या तसं, आणि कपाळाकपाळावर कुंकू. माझ्या तोंडून जोरात "आहे!" निघालं, इतकं की पलीकडच्या टेबलावरच्या मुलीनं मान वर केली. नियम पाळला होता मी! एकवीस वर्षांपूर्वीच्या त्या धांदरट पोरीच्या पाठीवर थाप मारावीशी वाटली. मी मोबाइल काढला, मावशीचा नंबर लावायला घेतला, आणि लावण्याआधी म्हणून एकदा मोजलं.

नऊ होती.

पुन्हा मोजलं. डावीकडून, मग उजवीकडून. त्या गृहस्थांना मोजायला लावलं. नऊ माणसं, नऊ बोटं. कुंकवाशिवाय कुणीच नव्हतं. मावशीला चुकीचं आठवत असेल का? पण ती तर लहानपणापासून तेवढंच ओळखत होती. मी फोटो पडद्यावर मोठा करत नेला. आठ ठिपके जुने, काळपट, सुकलेल्या चिकूच्या बीसारखे. नववा, मागच्या रांगेत उजवीकडून तिसरा, लालभडक होता. कुंकवाचे कण अजून काचेवर उभे होते. लावताना बोट हललं असावं, कारण ते कपाळावर न बसता भुवईवरून डोळ्यापर्यंत ओढलं गेलं होतं.

आणि मग मला ते आठवलं, जे मी आठ दिवस शोधत होते त्यात कुठेच नव्हतं. पहिल्या दिवशी मी गेले तेव्हा आजीच्या कपाळावर रुपयाएवढं कुंकू होतं. मी सगळं समजावून सांगितलं होतं, फोटो विद्यापीठात जाईल, तिथे कायमचा राहील, शंभर वर्षांनीही लोक बघतील. तिनं विचारलं होतं, "कायमचा?" मी म्हटलं, कायमचा. मग ती म्हणाली, "आज नाय देत. उद्या ये." मी वैतागले होते, एक खेप वाया गेली म्हणून. दुसऱ्या दिवशी फोटो मिळाला, आणि तो भुवयांपर्यंतचा पदर.

तिन्ही फायली मी लॅपटॉपवर उतरवून घेतल्या, पण परतीच्या एस.टी.त फोन लावला नाही. काय सांगणार होते फोनवर?

संध्याकाळ व्हायच्या आत मी मावशीच्या घरी पोचले. ती दारात मासे निवडत बसली होती. हात धुऊन आली, नातीला बोलावलं. मी आधी पुसल्याचं सांगितलं. माझ्याच हातानं पुसलं, मावशी, आणि त्या दिवशी तुमच्याशी खोटं बोलले. मावशीनं माझ्या हातांकडे पाहिलं. मग मी लॅपटॉप उघडला आणि नववं बोट दाखवलं. कुठलं जुनं, कुठलं ताजं, ते दाखवलं. फोटो द्यायच्या आदल्या दिवशी आजी काय म्हणाली तेही सांगितलं.

मावशी पडद्याजवळ सरकली.

"आये गेली तवा कपाळ मोकलं व्हतं तिचं," ती म्हणाली. "मी म्हटलं तापाच्या घामानं गेलं. भावकी बोलत व्हती, रांडाव बाईला मलवट नाय भरायचा. मी भांडले सगल्यांशी. माज्या आयेनं कुंकू पुसलं नाय कवा, तुमी कोन पुसनारे? हिरवं लुगडं नेसवलं. माज्या हातानं मलवट भरला." तिनं पडद्यावरच्या त्या लाल बोटाशी आपलं बोट नेलं. "तिनं पुसलं व्हतं गं. मी परत लावलं."

नात तिच्या पाठीवरून हात फिरवू लागली. मला वाटलं आता ही मला घालवून देईल, आणि दिलं तर ते योग्यच होईल. 

मावशीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "ह्याच फोटोचा मोठा कर."

"पुसलेल्या प्रतीत चेहरा चांगला दिसतो, मावशी," मी म्हटलं. "आता ते कोणते हे कळलंय. ह्याच्यात कुंकवानं अर्धा डोळा झाकलाय."

"त्याचं तोंड मी कवा बघितलंय? कुंकू तरी आयेच्या हातचं हाय."

दुसऱ्या दिवशी एस.टी. स्टँडजवळच्या फोटो स्टुडिओत फाइल दिली. तिथल्या माणसानं चेहरा मोठा केला, चष्मा कपाळावर चढवला आणि चांगल्या मनानं विचारलं, "मॅडम, हा डाग काढून देऊ का? दोन मिनिटांचं काम आहे." मी "हात लावू नका" असं ओरडले. पासपोर्टच्या फोटोसाठी बसलेला एक माणूस दचकून उभाच राहिला. मग मी माफी मागितली आणि प्रिंट होईपर्यंत त्याच्या पडद्यासमोरून हलले नाही.

वास्तुशांतीला मी कोनला गेले. सहाव्या मजल्यावरचा फ्लॅट, रंगाचा वास अजून ताजा, खाली एक्स्प्रेस-वेवरच्या गाड्यांचा आवाज. हॉलच्या भिंतीवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले होते. आजीचा, तरुणपणचा, कपाळभर कुंकवाचा. आणि बाजूला टोपी घातलेला एक पंचविशीचा माणूस, एक डोळा दिसणारा, एक लाल रंगाखाली गेलेला. त्याला मावशीनं हार घातला होता. बापाच्या फोटोला हार घालायला तिला ब्याऐंशी वर्षं लागली.

जेवणं आटोपल्यावर तिनं मला खोलीत बोलावलं आणि दार लोटलं.

"एक इचारू? आमच्या घरात बापसाचं पान कवाच वाढलं नाय. आये वाढू द्यायचीच नाय. आता वाढायला पायजे. पन तिथी कुठली धरायची? समुद्रात कवा गेला कोनाला म्हाईत?"

मी म्हटलं, ज्यांची तिथी माहीत नसते त्यांचं सर्वपित्रीला करतात.

"ते सगल्यांचं," ती म्हणाली. "मना त्याची सोताची पायजे. आयेनं ज्या दिवशी कुंकू लावलं, त्या दिवशी त्यो गेला. तू फोटो न्यायला आलीस त्याच्या आदल्या दिवशी. ती तारीख तुज्या त्या कॉम्प्युटरात लिवून ठेवलेली असंल ना?"

होती. आजीच्या त्या पदर ओढलेल्या फोटोच्या फायलीवर दिवस, महिना, वर्ष, अगदी मिनिटापर्यंत सगळं होतं. मी मोबाइलवर पंचांग उघडलं, ती तारीख शोधली आणि एक दिवस मागे गेले.